नळीचं दुसरं टोक

नव्या घरात गेलं की माणसं छत बघतात, भिंतींचा रंग बघतात. आमचे लेवलकाका फरशी बघायचे. पाहुणा म्हणून हातात दिलेल्या पेल्यातलं चमचाभर पाणी खाली ओतायचे आणि ते कुठं पळतं ते मान वाकडी करून न्याहाळायचे. घरच्या बाईला वाटायचं, ह्यांच्या हातून सांडलं. ती फडकं घेऊन धावली की हे हात आडवा धरायचे. "थांब माय, पुसू नको. कुठं जाते ते पाहू दे." माझ्या साखरपुड्याला, धनजला आमच्या घरी, हाच प्रकार केला. होणाऱ्या सासूबाई पाटावर बसलेल्या आणि पाणी नेमकं त्यांच्या पातळाखाली गेलं. काका गंभीर तोंडानं म्हणाले, "उत्तरेकडे उतार हाये." माझा बाप पुढं आठ दिवस मला विचारत होता, "हा मानूस विमानं दुरुस्त करते म्हंतं तू?"

करत होते ना. तेच करत होते.

कामरगावच्या पुढं, रस्त्यापासून आत, एका खाजगी संस्थेची छोटी धावपट्टी होती. विमान चालवायला शिकवायचे तिथं. पट्टी अजून आहे, आता तिच्यावर लोक सोयाबीन वाळू घालतात. तेव्हा तिथं पत्र्याचं एक हँगर होतं, दोन-दोन सीटची तीन विमानं होती, आणि विमानांतली जुनी काट्यांची घड्याळं काढून रंगीत स्क्रीन बसवायचं काम चाललं होतं. ते काम काकांचं. बाहेरगावी विमानांच्या कारखान्यात जन्म काढून निवृत्त झालेले, गाव कामरगावच, म्हणून संस्थेनं बोलावून घेतलं. मी त्यांच्या हाताखाली. डिप्लोमा झाला होता, वय सत्तावीस, आणि डोक्यात हवा भरपूर.

ह्या स्क्रीनचं एक असतं. त्यांना स्वतःचं काही म्हणजे काही कळत नाही. विमान सपाट उभं करून सांगावं लागतं, बाई, ह्याला सपाट म्हणतात. उत्तर कुठं ते दाखवावं लागतं. टाकीत पाच लिटर म्हणजे किती, दहा म्हणजे किती, तेही एकेक पायरीनं शिकवावं लागतं. मग ती तेच खरं धरून बसते. "लेकरासारखं हाये हे," काका म्हणायचे. "तू जे शिकोशीन तेच बोलीन. खोटं शिकोलं त खोटं बोलीन, अन् लय कॉन्फिडन्सनं बोलीन."

उत्तर दाखवायचा दिवस म्हणजे आमच्याकडे तमाशाच असायचा. होकायंत्राच्या जवळपास लोखंड चालत नाही, म्हणून विमान उघड्या माळावर ढकलत न्यायचं आणि हातानं थोडं थोडं फिरवत आठ दिशांना उभं करायचं. काका चपला काढून अनवाणी. का, तर चपलेच्या टाचेत चुका, बारके लोखंडी खिळे, असतात. माझ्या केसांतल्या पिना काढायला लावल्या. वाऱ्यानं केस तोंडावर आणि मी विमानाचं शेपूट ढकलते आहे. एकदा संस्थेचे व्यवस्थापक साहेब पाहणीला आले. काका शंभर पावलांवरून ओरडले, "साहेब, पट्टा काढा, नाईतर मांगं सरका!" साहेबांचं पोट मोठं. पट्टा काढणं काही परवडण्यातलं नव्हतं. ते मुकाट्यानं रस्त्यापर्यंत मागं गेले आणि तिथून पाहणी केली. त्या दिवसापासून त्यांच्या मनात काकांबद्दल जे बसलं ते बसलंच.

पण काकांचं नाव पडलं ते नळीमुळं. गवंडी वापरतात ती, बोटाएवढी जाड, आरपार दिसणारी. पाणी भरायचं, दोन टोकं दोन ठिकाणी धरायची, पाणी दोन्हीकडं एकाच उंचीवर थांबतं. हँगरमध्ये लेझरची लेवल होती, बॅटरीवर चालणारी होती. काका तिला हात लावायचे नाहीत. एका पंखाखाली ते, दुसऱ्या पंखाखाली मी. "पाणी किती?" ते विचारायचे. मी खुणेपाशी बघून सांगायची. मग चाकाखाली फळी, पत्र्याची चकती, परत नळी. काम झालं की नळी रिकामी करायचे, तोंड लावून जोरात फुंकायचे आणि खुंटीला लावायचे. सकाळचे दोन तास असे जायचे. हँगरमधली पोरं खिदळायची. मला म्हणायची, "काय मॅडम, आज किती पाणी पाजलं विमानाले?"

काकांचं म्हणणं साधं होतं. हँगर काळ्या मातीवर आहे. "हे माती निजत नाई, पोरी. पावसात फुगते, उन्हात फाटते. वरून काँक्रीट टाकलं म्हनून थे काय मेली थोडीच?" साहेबांना हे सगळं वेळ घालवणं वाटायचं. एका उन्हाळ्यात त्यांनी हुकूम काढला, एकदाच काय ती लेवल करा आणि चाकांच्या जागी पिवळे चौकोन रंगवा. चाकं चौकोनात उभी केली की विमान सपाट, रोजची कटकट नको. काकांनी रंगवले. प्रत्येक चौकोनाशेजारी लिहून ठेवलं, 'फक्त उन्हाळ्यापुरतं.' साहेबांनी दुसऱ्या दिवशी तेवढं पुसायला लावलं.

आणि सही. त्यांची सही म्हणजे एक सोहळा. कागदावरची ओळ न् ओळ मोठ्यानं वाचायचे, मग शाईचं पेन काढायचे, आणि स्वतःचं, बापाचं, आडनाव असं पूर्ण लिहायचे, एक वेलांटी न गाळता. मी एकदा वैतागून म्हटलं, "काका, नुसता एक फाटा मारला तरी चालते." ते पेनाचं टोपण लावत म्हणाले, "माह्या बापानं जिंदगीभर अंगठा उठोला. कशावर उठोला ते त्याले कोनी वाचून नाई दाखोलं. मी वाचल्याबिगर कागदाले हात लावत नाई." त्यांच्या घरी बुद्धाच्या तसबिरीखाली बापाचा एक जुना फोटो होता. दोन्ही तसबिरी नळी लावून टांगलेल्या. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. जयभीम घालून आत बोलवायचे आणि एकुलत्या एका खुर्चीच्या पायाखाली पुठ्ठा सरकवून मगच बसायला सांगायचे.

आता जे सांगायचं आहे ते.

दसऱ्याच्या आधीचा आठवडा. काका डोळे दाखवायला अमरावतीला गेले होते. त्याच दिवशी साहेबांनी सांगितलं, तिसऱ्या विमानाची टाकी आजच्या आज शिकवून टाका, उद्यापासून ते उडवायचं. टाकी शिकवणं म्हणजे आधी विमान सपाट करायचं, टाकी पूर्ण रिकामी करायची, मग पाच-पाच लिटर पेट्रोल ओतायचं आणि प्रत्येक वेळी ते शांत झालं की स्क्रीनवर बटण दाबायचं. शांत होऊ द्यायचं, हे काकांचं घोषवाक्य. मी ते सगळं केलं. पाच-पाच लिटर मोजून ओतलं, शांत होऊ दिलं. फक्त नळी लावली नाही.

का नाही लावली? मी ह्याचं उत्तर स्वतःला शंभर वेळा दिलं आहे. नळीला दोन माणसं लागतात आणि मी एकटी होते. कुणाला धरायला बोलावलं असतं तर परत ते खिदळणं. साहेब दारात उभे राहून घड्याळ बघत होते. पिवळे चौकोन समोर होते. हे सगळं खरं. पण एक टोक खांबाला बांधता आलं असतं. सुतळीचा गुंडा खुंटीखालीच पडलेला होता. मला कंटाळा आला होता, लेवलकाकाची चेली म्हणून घ्यायचा. एवढंच. चाकं चौकोनात उभी केली आणि मोकळी झाले.

चार महिने पाऊस झाला होता. पत्र्याच्या पन्हाळीचं पाणी उजवीकडं मुरत होतं, ती बाजू फुगून वर आली होती. म्हणजे विमान डावीकडं कललेलं. टाक्या दोन, दोन्ही पंखांत एकेक. डाव्या टाकीतलं पेट्रोल पंखाच्या टोकाकडं गेलं आणि आत, जिथं मोजणारा सेन्सर असतो, तिथं कमी दिसलं. स्क्रीनला मी शिकवलं की एवढं कमी दिसतं म्हणजे दहा लिटर. विमान हवेत सरळ झालं की तेवढंच दिसायला पाच पुरतात. स्क्रीन मात्र दहाच म्हणणार. लेकरू. शिकवलं तसं बोलणार.

संध्याकाळी काका आले. डोळ्यांत औषध घातलेलं, काळा चष्मा. खुंटीपाशी गेले, नळीला तोंड लावून फुंकर मारली. सवयीच्या माणसाचा हात आपोआप जातो तिकडं, असं मला वाटलं. मग टाकीच्या कामाचा कागद होता त्या टेबलाशी येऊन बसले.

"नळी लावली का, पोरी?"

"लावली, काका."

"कोन होतं दुसऱ्या टोकाले?"

"सुतळीनं बांधलं."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. म्हणाले, "मले आज दिसून नाई राह्यलं. सही कुठं करू, दाखव." मी त्यांचं बोट धरून जागेवर ठेवलं. त्यांनी सही केली. पूर्ण नाव, बापाचं नाव, आडनाव. वेलांट्या एकमेकींवर चढल्या होत्या. कागद त्यांनी वाचला नाही.

चौथ्या दिवशी ते विमान उतरताना बंद पडलं. चालवत होता तो आमचा कॅप्टन, इंझोरीचा, शेतकऱ्याच्या घरातला, तिकडचा पहिला वैमानिक. शेजारी एक विद्यार्थी. उतरताना जास्त पेट्रोल असलेल्या टाकीवर इंजिन ठेवतात. स्क्रीन म्हणाली डावीकडं जास्त आहे, म्हणून त्यानं डावीवर ठेवलं. डावी रिकामी होती. जमीन इतकी जवळ आली होती की टाकी बदलायला वेळच उरला नाही. विमान पट्टीच्या अलीकडच्या तुरीत पडलं. विद्यार्थ्याला खरचटलं. कॅप्टनचा कणा मोडला. तो जगला, पण कमरेखाली काही उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हँगरमध्ये गेले तर काका एकटेच फरशीवर बसले होते. नळी भरलेली, एक टोक खांबाला सुतळीनं बांधलेलं, दुसरं पिवळ्या चौकोनाशी धरलेलं. त्यांनी बोटांनी चाचपून फरक मोजला. दोन बोटं. मी दारात उभी. आता विचारतील, आता विचारतील, असं वाटत होतं. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, अशी मी तेव्हा स्वतःची समजूत घातली. त्यांनी नळी रिकामी केली, फुंकली आणि टांगली.

चौकशी झाली. कागद पुढं ठेवला. काका म्हणाले, "सही माही हाये." एवढं एकच वाक्य, तीन वेळा विचारलं तर तीन वेळा. त्यांचं लायसन्स गेलं. गावात बोलणं उठलं की डोळे गेले होते तरी म्हातारा सह्या ठोकत होता. काही जणांनी त्याच्यापुढचंही बोलून घेतलं. कसा शिकला असेल, कसा लागला असेल, ह्यांना कोण विचारतंय. साहेबांच्या टेबलाशी मी ते स्वतःच्या कानानं ऐकलं आणि चहा पीत राहिले. माझं लग्न महिन्यावर होतं. चहा गोड होता, हेही मला आठवतं. लाज वाटते सांगायला.

संस्था वर्षभरात गुंडाळली. मी कारंज्याला आले, आता मुलांना वायरिंग शिकवते. काकांनी मला वाचवलं असं मी धरून चालले होते. रोज रात्री तेच. बिचाऱ्यानं माझ्यासाठी आपलं नाव घालवलं. हे ओझं होतं, पण खोटं कशाला बोलू, त्यात थोडी ऊबही होती. कुणीतरी आपल्यासाठी एवढं केलं.

दोन वर्षांनी कारंज्याच्या स्टँडवर ते दिसले. खांद्यावर वेटोळं करून नळी. जवळ गेले तरी नजर माझ्यावर नाही, शेजारी कुठंतरी. आवाजावरून ओळखलं.

"कुठं चालले, काका?"

"इंझोरीले. कॅप्टनच्या दारात उतार बांधला हाये, खुर्ची जाया-याले. माती हालते ना बाप्पा. पाह्यला जा लागते."

त्यांना हात देऊन एसटीत बसवलं आणि मीही चढले. कॅप्टन दारातच होता, चाकांच्या खुर्चीत. त्यानं काकांकडं पाहिलं नाही, बस म्हटलं नाही, पाणीसुद्धा विचारलं नाही. पण नळीचं टोक पुढं केल्यावर हात लांब करून धरलं. सवय असावी. "पाणी किती?" काकांनी विचारलं. आता ते वाचायला मी होते. मी सांगितलं. त्यांनी चाचपडत सिमेंटचा हात फिरवला. निघताना कॅप्टन माझ्याशी बोलला, त्यांना ऐकू जाईल असं. "मी त्या दिवशी टाकीत काडी बुडवून पेट्रोल पाह्यलं नाही. सही पाह्यली होती ना. ह्या मानसाची सही हाये म्हटल्यावर कायले पाह्यचं?"

परतीच्या एसटीची वाट बघत आम्ही बाभळीखाली बसलो होतो. माझ्याच्यानं राहवेना. म्हटलं, "काका, मी नळी लावली नव्हती."

"माईत हाये."

"केव्हापासून?"

"त्याच संध्याकाळी. नळी फुंकली ना मी. वापरली की आत थेंब राह्यते. कोरडी ठणठणीत होती."

"मंग सही काहून केली?"

ते बराच वेळ नळीचं वेटोळं नीट करत बसले. म्हणाले, "डॉक्टरनं त्या दिवशी सांगतलं होतं, काचबिंदू हाये, गेलेलं परत येत नाई. तुले खोटी पाडली असती त सगळं परत करा लागलं असतं, अन् साहेबाले समजलं असतं का याले दिसत नाई. मले वाटलं, सा महिने ढकलू. वाटलं, एक डाव जमीन सपाट राह्यली असंल." मग म्हणाले, "मी तुले नाई वाचोलं, पोरी. मी मले वाचून राह्यलो होतो."

मला राग आला. दया नाही, राग. तुम्ही एक शब्द बोलला असता तर तो माणूस आज चालत असता, असं माझ्या तोंडावर आलं. आणि मग कळलं की हे वाक्य दोघांपैकी कुणीही कुणालाही म्हणू शकतं. आम्ही एसटीत शेजारी बसून आलो. कारंज्याला उतरताना मी म्हटलं, "कॅप्टनला सांगू का मी?" ते म्हणाले, "तुह्या टोकाचं पाणी तू वाच. माह्याकडून कायले वाचून घेतं?"

गेल्या माघात काका गेले. त्यांच्या पुतण्यानं नळी आणून दिली. म्हणाला, तुमच्याकडं द्यायला सांगितली होती, अजून काही नाही. मी ती पलंगाखाली टाकून दिली. उन्हाळा गेला, पाऊस आला आणि गेला. दसऱ्याच्या आधी एका रविवारी मला बसवेना. नळी, सुतळी, सिमेंटची पिशवी घेतली आणि इंझोरीला गेले.

कॅप्टन दारात होता. काका गेल्याचं त्याला कळलं होतं. तो म्हणाला, "सुटला म्हातारा. डोळे नव्हते तरी सही केली. मी त्याले कधी माफ नाही केलं." आणि टोकासाठी हात पुढं केला. मी टोक दिलं, नळी भरली आणि उताराच्या खालच्या बाजूला बसले. पाणी वरखाली होत होतं. ते शांत व्हायच्या आत मी बोलले, कारण शांत झाल्यावर मला धीर झाला नसता.

"नळी मी लावली नव्हती. लावली असं त्यांना खोटं सांगितलं. टाकी मी शिकवली होती." मग म्हटलं, "त्यांना ते कळलं होतं. तरी त्यांनी सही केली. पण आधी माझं खोटं आहे."

त्यानं माझ्याकडं बघितलं. शिव्या देईल, हाताला येईल ते फेकेल, असं वाटत होतं. त्यानं नुसता हात उघडला. नळीचं टोक खाली पडलं आणि पाणी सगळं मातीत गेलं. मग खुर्ची वळवून तो आत गेला. दार लागलं, आतून कडीही लागली.

मी तिथंच बसून राहिले. मग सुतळी काढली. टोक दाराच्या चौकटीतल्या खिळ्याला बांधलं, हापशावरून बादली आणून नळी परत भरली. पाणी शांत होईपर्यंत थांबले.

"डावी बाजू एक बोट खाली हाये," मी बंद दारापलीकडं ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं, आणि सिमेंट कालवायला बसले.